आकडा

बॅलार्ड इस्टेटात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे लिफ्टचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही,
तिथे माझं टेबल. निवृत्तीला आठ महिने.
माझ्याकडे चार रकाने:
गरज, आवाहन, कबुली, पोच.
डावीकडून उजवीकडे येता येता धान्य गळत जातं,
फाटक्या पोत्यातून गळावं तसं.
फक्त इथे खाली वेचायला कुणी बसलेलं नसतं.

याच रस्त्याच्या टोकाला, डॉकात,
माझे वडील टॅली क्लार्क होते. पांडबा शेलार.
एक पेन्सिल खिशात, एक कानामागे.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
तांबड्या मिलोची पोती बोटीतून उतरायची.
ती दान होती की उधार, त्यांना कुणी सांगितलं नाही.
हमाल पोत्यात आकडा रुतवायचे, लोखंडी, वाकडा,
आणि वडील कागदावर आकडा मांडायचे.
शब्द एकच.
एकानं खांदे गेले, दुसऱ्यानं डोळे.
तिसरा आकडा मटक्याचा, आई म्हणायची,
तो घ्या, नाहीतरी कुठलाच लागत नाही.

मिलोची भाकरी थापताना तुटायची.
आई तिला शिव्या देत देत वाढायची.

आज दुपारी पडद्यावर नऊ देणगीदार सरकारं,
नऊ चौकटी, एकीत नुसतं नाव.
पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट ठरवायचं होतं.
एक गृहस्थ म्हणाले, गेल्या वर्षी मागितल्यातलं
निम्मंही जमलं नाही;
यंदा मागणंच खाली आणू,
टक्केवारी तरी बरी दिसेल.
कुणी हसलं नाही. तो विनोद नव्हता.
‘वास्तववादी’ हा शब्द सहा वेळा आला.
सवयीनं माझा हात चालला:
चार उभ्या, एक आडवी, एक सुटी.

मग चार लाख माणसं
‘निकडीचे’ मधून ‘चिंतेचे’ मध्ये गेली.
नौशीरनं ती उचलून खालच्या ओळीत ठेवली,
चहाचा कप सरकवावा तशी.
ती माणसं जागची हलली नव्हती.
छावणीतल्या रांगेत, ऊन वाढतंय म्हणून,
आपल्या जागी चप्पल ठेवून
सावलीला बसली असतील फार तर.

आमच्याकडे पीठ कमी असलं की
आई भाकऱ्या लहान करायची. तळहाताएवढ्या.
पण ताटं मोजताना
कुणाला ‘चिंतेचा’ म्हणून उठवलं नाही तिनं.

पलीकडून ॲग्नेलानं विचारलं,
टार्गेटला तुमच्यात काय म्हणतात गं?
लक्ष्य, म्हटलं.
यातला य गळाला की लक्ष.
म्हणजे शंभर हजार.
म्हणजे त्यांच्याकडे बघणंसुद्धा.
ती म्हणाली, मग य ठेवूच नका.
आणि डबा उघडला. बोंबिलाचा वास
सगळ्या मजल्यावर पसरला,
पडद्यावरचे नऊ जण सोडून सगळ्यांना भूक लागली.

वडिलांचा एक नियम होता.
बोट निघाली, तर रेघ नाही.
धक्क्याला लागली, तरी नाही.
पोतं जमिनीला टेकल्याचा धप् आवाज
कानानं ऐकायचा, मग पेन्सिल.
साहेब चिडायचे. वर्तमानपत्रात बातमी येऊन गेलेली असायची,
इतके टन आले म्हणून,
आणि शेलारचा कागद अजून कोरा.

सहाला नौशीर म्हणाला,
गरजेचा रकाना लपव, पाहुण्यांना गोंधळ होतो.
लपवला.
पुसला नाही.
अ आणि इ यांच्यामध्ये आता एक जाडसर रेघ आहे,
कुणी माउस तिथे नेऊन जरा ओढला
तर सगळे आत उभे आहेत.

दिवे मालवताना
खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पोतून काहीतरी उतरवत होतं.
मी जिन्यातच थांबले,
कान देऊन.